परसाटोल्याची हजेरी

"परसाटोला कहाँ है?" साहेबांनी विचारलं.

"कहीं नहीं है, साहब," मी म्हणालो.

"तो हाईकोर्ट उसके बारे में क्यों पूछ रहा है?"

साहेबांच्या टेबलावर जबलपूरहून आलेली नोटीस पडली होती. तिला एक याचिका जोडलेली होती आणि तिच्या चौथ्या पानावर माझ्या हातची एक ओळ जशीच्या तशी उतरवली होती. 'ग्राम अस्तित्व में नहीं.' मूळ ओळ लाल शाईतली. टाईप केल्यावर काळी झाली होती, एवढाच फरक.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. मी जिल्ह्याच्या पोलीस कप्तानांच्या, म्हणजे साहेबांच्या, ऑफिसात आस्थापना शाखेचा बाबू होतो. आस्थापना म्हणजे माणसांचं खातं. भरती, बदली, रजा, पेन्शन. आम्ही मूळचे तुमसरकडचे. वडील रेल्वेत गुड्स क्लार्क होते, त्यांच्या बदल्यांमागे आम्ही या लायनीवर आलो आणि इथलेच झालो. माझं अक्षर चांगलं होतं. निखाडे बाबू कामात चोख, असं नाव होतं, आणि ते नाव इतरांपेक्षा मलाच जास्त आवडायचं.

शिपायांची भरती बाहेरून फार सोपी दिसते. परेड ग्राउंडवर पोरं उभी करायची, उंची मोजायची, छाती मोजायची, पळवायची, चार ओळी लिहायला लावायच्या. खरी भरती त्यानंतर टेबलावर होते, आणि ते टेबल माझं होतं. एकूण जागांतल्या काही जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव असत. त्या उमेदवारांना वयात सवलत मिळे. सवलतीसाठी जातीचा दाखला लागे आणि दाखल्यावर गाव लागे, कारण तेव्हा जातींच्या याद्या जिल्ह्यावार होत्या. इथे यादीत असलेली जात चार कोस पलीकडच्या जिल्ह्यात यादीत नसायची. म्हणून माणूस कुठला, हे आधी बघायचं. तो कोण, हे त्यानंतर.

बिसाहू नावाच्या उमेदवाराचा फॉर्म माझ्याकडे आला तेव्हा त्यात काहीच खोट नव्हती. पळण्यात तो दुसरा आला होता. दाखला होता, थोडा जुना, पण तहसीलदाराच्या सहीचा. गाव परसाटोला. अशा वेळी नियम असा की फॉर्म त्या गावच्या ठाण्याला पाठवायचा. ठाणेदार तस्दीक करतो, म्हणजे माणूस खरोखर तिथला आहे का याची खात्री करतो, आणि फॉर्म परत येतो. कोणतं ठाणं लागतं ते बघायला मी तहसिलीतून नुकतीच आलेली गावांची यादी काढली. परसाटोला तिच्यात नव्हतं. कारखान्यासाठी घेतलेली गावं यादीतून काढून टाकली होती. वस्ती उठून गेलेल्या गावाला महसूलवाले बेचिराग म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. परसाटोल्याला तेही म्हणता येत नव्हतं. तिथे चोवीस तास दिवे लागत होते, फक्त ते गावाचे नव्हते.

सिलेक्शन लिस्ट दुसऱ्या दिवशी वर जायची होती. मी म्हटलं, नसलेल्या गावाची तस्दीक कोण करणार? फॉर्म ठाण्याला पाठवलाच नाही. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ती ओळ लिहिली. गाव नाही म्हणून दाखला चालत नाही, दाखला नाही म्हणून सवलत नाही, सवलत नाही म्हणून वय जास्त. बिसाहू बाद झाला. राखीव जागेपुढे 'योग्य उमेदवार उपलब्ध नाही' असं लिहिलं आणि ती जागा साधारण वेटिंग लिस्टमधून भरली. उतईचा एक शेतकऱ्याचा मुलगा लागला. साहेबांनी सही केली. त्या दिवशी मी वेळेवर घरी गेलो.

निकाल लागल्यावर बिसाहू ऑफिसात आला होता. काटक माणूस, पायात टायरच्या चपला, आवाज खाली.

"बाबूजी, मेरा गाँव नहीं है, ये किसने बताया?"

"लिस्ट में नहीं है."

"गाँव के लोग तो हैं."

मी सांगितलं, तहसिलीतून नवा दाखला आण. तो तहसिलीत गेला. तिथे म्हणाले, ज्या गावाची आमच्याकडे नोंदच नाही त्याचा दाखला कसा द्यायचा, पोलिसांत जा. तो माझ्याकडे आला. मी पुन्हा तहसिलीकडे बोट दाखवलं. अशा दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्यांदा तो आला नाही, तेव्हा मला वाटलं, गेला असेल कारखान्यात. तेव्हा जो तो तिकडेच जात होता. पण हा गडी वकिलाकडे गेला होता.

वकिलाने जबलपूरला रिट लावली. रिट म्हणजे सरकारी ऑफिसाने चुकीचं काम केलं की थेट हायकोर्टाला सांगायचं, की यांना ते दुरुस्त करायला लावा. राखीव जागा असताना आणि लायक उमेदवार समोर असताना ती जागा दुसऱ्याला दिली, असं बिसाहूचं म्हणणं होतं. घाई एवढ्यासाठी होती की पुढच्या भरतीपर्यंत सवलत धरूनही तो वयात बसणार नव्हता. ही एकच भरती त्याच्या हातात होती, आणि ती मी एका ओळीत संपवली होती.

साहेब आमचे उत्तरेकडचे, रागीट पण सरळ मनाचे. ते म्हणाले, "पैरावाइज बनाओ."

याचिकेचे परिच्छेद एकेक घ्यायचे आणि प्रत्येकापुढे लिहायचं, हे कबूल, हे नाकबूल, याची माहिती नाही. त्याला पॅरावाइज म्हणतात. त्यावरून सरकारी वकील उत्तर तयार करतो आणि साहेब त्यावर शपथेवर सही करतात. बाबू लोकांना हे काम फार जड जात नाही. पटलं नाही की नाकबूल लिहायचं. मी सहा परिच्छेद तसेच ओढले. सातव्यात लिहिलं होतं, 'परसाटोला ग्राम प्रतिवादी पोलीस विभागाच्या स्वतःच्या अभिलेखात आजही चालू आहे.'

"ये भी डिनाइड लिखूँ?" मी विचारलं.

"ज़ाहिर है," साहेब म्हणाले. "लेकिन थाने से लिखवा लो कि ऐसा कोई रिकॉर्ड नहीं है. दस्तख़त मुझे करने हैं."

संध्याकाळी जेवताना मी हे सगळं कुसुमला सांगितलं. कुसुम म्हणजे माझी बायको. चौथी शिकलेली, पण माझ्या फायलींवर तिचा शेरा ठरलेला.

"तुमी त्याले बाद कावून केलं?"

"गाव यादीत नाही."

"गाव गेलं त मानूस बी गेला का? पयाला त होता ना तो तुमच्या ग्राउंडवर?"

"कागदाचं तसं नसते, कुसुम."

"उद्या घरमालकानं हे खोली पाडली त मले कोनाची बायको म्हनून लिहान तुमी?"

मी म्हटलं, भाजी वाढ. तिने वाढली, पण माझ्याकडे बघत बघत वाढली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मी सायकल काढली आणि ठाण्याला गेलो. रस्ताभर कारखान्याच्या ट्रक्सची धूळ. ठाण्याच्या आवारात चिंचेखाली वीसेक माणसं ओळीने उकिडवी बसली होती. प्रत्येकाच्या खांद्यावरून पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, शेजारी लाठी, मांडीवर कापडात गुंडाळलेली वही. हे कोटवार. आपल्याकडे ज्याला कोतवाल म्हणतात तोच गावचा राखणदार. त्याला नेमते तहसील, पण त्याने आठवड्यातून एकदा ठाण्यावर हजेरी द्यायची, आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं, चोरी-मारी काही झाली का, ते सांगायचं. ठाण्याचा मुन्शी, म्हणजे लिहिण्याचं काम करणारा हवालदार, ते त्याच्या वहीत आणि ठाण्याच्या रजिस्टरात लिहून घेतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत. मी ऑफिसात काही वर्षं काढली होती, पण ही हजेरी डोळ्याने कधी पाहिली नव्हती.

मुन्शी एकेका गावाचं नाव घेत होता. मी खुर्ची ओढून बसतो आहे, तोच तो म्हणाला,

"परसाटोला."

"हाजिर, साहेब."

ओळीतला शेवटून दुसरा म्हातारा उभा राहिला.

"जनम?"

"एक झन नोनी, साहेब. मनबोध के घर."

"मौत?"

"नइ."

"चोरी-चकारी?"

"सब बने-बने, साहेब."

मुन्शीने मुलगी झाल्याची नोंद घेतली, म्हाताऱ्याच्या वहीवर शिक्का मारला आणि पुढच्या गावाचं नाव घेतलं. माझ्या हातात, तसा काही रेकॉर्ड नाही असं ठाण्याने लिहून द्यावं म्हणून तयार करून आणलेला कागद होता. तो मी घडी करून खिशात घातला.

"ये गाँव तो उठ गया न?" मी मुन्शीला हळूच विचारलं.

"गाँव उठा बाबू, कोटवार थोड़े उठा," मुन्शी म्हणाला. "बंद करने का कोई आर्डर आया नहीं. समारू आता है, मैं लिख लेता हूँ."

हजेरी संपल्यावर मी समारूला बोलावलं. तो जवळ आला आणि जमिनीवर बसायला लागला. मी त्याला बाकावर बसवलं. तो बाकाच्या अगदी कडेला टेकला.

"अब ये नोनी कहाँ हुई? गाँव तो है नहीं."

समारूने हाताने दिशा दाखवली. "आधा मन कैंप डहर रथें, बाबू. थोरकिन मन अहिवारा डहर गे हें. बाकी मन उतई के रद्दा म."

अर्धी माणसं कारखान्याच्या मजुरांच्या कॅम्पकडे, थोडी अहिवाऱ्याकडे, उरलेली उतईच्या रस्त्याला. समारू आठवडाभर या तिन्ही ठिकाणी पायी फिरायचा, प्रत्येक झोपडीत विचारायचा आणि मंगळवारी चिंचेखाली येऊन बसायचा. कोटवारीची जमीन गेली होती. कोटवार म्हणून ज्या गावात दवंडी द्यायची ते गाव गेलं होतं. तरी त्याच्या वहीत परसाटोल्याचा एकही मंगळवार रिकामा नव्हता.

"तुम क्यों आते हो?" मी विचारलं.

"कोनो मना नइ करिस," तो म्हणाला. कोणी नको म्हटलं नाही. मग म्हणाला, "मनखे मन तो हावंय न, बाबू. कोन जनमिस, कोन मरिस, लिखाय ल तो परही."

माणसं तर आहेत ना. कोण जन्मलं, कोण मेलं, लिहायला तर लागेलच. हेच बिसाहूने मला माझ्या टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं. तेव्हा मला ते ऐकू आलं नव्हतं.

मी मुन्शीला जुनी रजिस्टरं काढायला लावली. कपाट उघडलं तसा वाळवीचा वास आला. परसाटोल्याची पानं शोधता शोधता एक नोंद सापडली. मुलगा, नाव बिसाहू, बाप समारू कोटवार. खबर देणारा, समारू कोटवार. मी मान वर केली.

"बिसाहू तुम्हारा लड़का है?"

"हव, बाबू." त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुमन लाल सियाही वाले बाबू अव का?"

मी हो म्हणालो. मला वाटलं, आता हा चार शब्द सुनावेल, आणि त्याने सुनवावेत असंही वाटलं. समारू म्हणाला, "लिस्ट म नइ रिहिस त तुमन का करतेव." यादीत नव्हतं, तर तुम्ही तरी काय करणार. मला खरंच तोंड लपवावंसं वाटलं. शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

जाता जाता मी विचारलं की कारखान्यात काम मिळत असताना मुलाला पोलिसातच का घालायचं. तो ठाण्याच्या पायरीकडे बघत म्हणाला, "मैं जिनगी भर ये दुआरी म बइठेंव. एक झन तो भीतरी बइठय."

दाराबाहेर आयुष्य गेलं. एकाने तरी आत बसावं.

त्या दिवशीची मुलीची आणि बिसाहूच्या जन्माची, अशा दोन्ही नोंदींच्या नकला घेऊन मी साहेबांपुढे उभा राहिलो. त्यांनी वाचल्या. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचल्या.

"यानी हम कोर्ट में शपथ लेकर कहेंगे कि गाँव नहीं है, और हर मंगल को उसकी हाजिरी लेंगे."

"जी."

"वो रिमार्क किसका है?"

"मेरा, साहब."

"तस्दीक के लिए थाने भेजा था?"

"नहीं."

"क्यों?"

"लिस्ट अगले दिन जानी थी. वक़्त नहीं था."

मला कायम होऊन फार वर्षं झाली नव्हती. नोकरीत पहिला डाग लागणार हे दिसत होतं. साहेबांनी सिलेक्शन लिस्ट काढून खालची सही बघितली. मग म्हणाले, "लेकिन दस्तख़त तो मेरे हैं." आणि पॅरावाइजचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "सात नंबर में कबूल लिखो. वजह भी लिखो. घुमाकर मत लिखना."

मी लिहिलं. गाव यादीत नव्हतं, पण ठाण्याच्या रेकॉर्डात होतं. तस्दीक व्हायला हवी होती, झाली नाही. चूक शाखेच्या बाबूची. माझ्या चांगल्या अक्षराचा त्या दिवशी मला काही आनंद झाला नाही.

आता वेगळीच धास्ती लागली. बिसाहूला जागा द्यायची तर उतईच्या मुलाला उठवावं लागणार. तो ट्रेनिंग सेंटरला गेलाही होता. घरातून निघताना गावाने त्याला हार घातला होता म्हणे. त्याची यात काय चूक होती? त्याने फॉर्म भरला, पळाला, वेटिंग लिस्टला लागला. कुसुम म्हणाली, "एकाच्या पानातलं काढून दुसऱ्याले वाढू नका मनाव त्याइले." ते आता माझ्या हातात राहिलं नव्हतं.

हायकोर्टाचा हुकूम आला तो मोजक्या ओळींचा होता. बिसाहूचा दाखला ग्राह्य धरावा. वय फॉर्म भरला त्या दिवसाचं धरावं. राखीव जागेवर त्याची निवड करावी. उतईच्या मुलाचं काय करायचं ते कोर्टाने आमच्यावर सोडलं होतं. साहेबांनी ट्रेनिंग सेंटरकडून हजेरीपट मागवला. त्यात दोन रंगरूटांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'बिना सूचना अनुपस्थित.' चौकशी केली तर दोघंही कारखान्यात लागले होते. तेव्हा हे नेहमीचंच होतं. आम्ही शिपाई घ्यायचो, शिकवायचो, आणि ते टोपी ठेवून गेटवर रांगेत जाऊन उभे राहायचे. साहेब एरवी अशा पळपुट्यांना शिव्या घालत. या दोघांची फाइल त्यांनी खुशीत बंद केली. एक जागा उतईच्या मुलाला मिळाली, त्याच्या आधीच्या जागेवर बिसाहू गेला. ज्या कारखान्याने परसाटोला घेतलं, त्यानेच ही एक खुर्ची रिकामी करून दिली. याला न्याय म्हणायचं की योगायोग, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या सर्व्हिस बुकात ताकीद चढली. साहेबांनी शक्य तेवढी सौम्य लिहिली. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण कागद एकदा हलला की तो जिथं थांबावा तिथं थांबत नाही. हायकोर्टाच्या हुकुमाची एक प्रत तहसिलीत गेली. तिथल्या माझ्यासारख्याच एखाद्या चोख बाबूने ती वाचली असणार. त्याला दिसलं की नसलेल्या गावाला अजून कोटवार आहे. वर्षभराने पत्र आलं. परसाटोल्याचं कोटवार पद बंद, बिल्ला आणि वही जमा करून घ्यावी. पत्र ठाण्याला पाठवायचं काम आस्थापना शाखेचं. म्हणजे माझं. मी ते टपालात टाकलं नाही. सायकल काढली आणि स्वतः घेऊन गेलो.

तोवर बिसाहू ट्रेनिंग संपवून आला होता. साहेबांनी त्याला मुद्दाम त्याच ठाण्यावर नेमलं होतं. लिहिता येत असल्यामुळे मुन्शीने त्याला शेजारी बसवून मंगळवारचं रजिस्टर त्याच्याकडे दिलं होतं. मी पत्र मुन्शीच्या हातात दिलं. त्याने वाचलं आणि बिसाहूपुढे ठेवलं. बिसाहूने वाचलं. चिंचेखालच्या ओळीकडे बघून त्याने नावं घ्यायला सुरुवात केली. परसाटोल्याची पाळी आली.

"परसाटोला."

"हाजिर, साहेब," समारू म्हणाला. पोटच्या पोराला साहेब म्हणताना त्याचा चेहरा जराही हलला नाही. फक्त आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

बिसाहूने जन्म विचारले, मृत्यू विचारले. लिहून घेतलं. मग उठून बाहेर आला, बापाजवळ उकिडवा बसला आणि हळू आवाजात त्याला पत्रातलं सांगितलं. समारूने ऐकलं. खांद्यावरचा पट्टा काढला, बिल्ला धोतराच्या सोग्याने पुसला आणि मुलाच्या हातात दिला. वही देताना मात्र तो थांबला.

"आने वाला मंगल के कोन बताही?" पुढच्या मंगळवारी कोण सांगणार, एवढंच त्याने विचारलं.

"तैं मोला घर म बता देबे, ददा," बिसाहू म्हणाला. "मैं लिख लेहूँ." तू मला घरी सांग, बाबा. मी लिहून घेईन.

आणि त्याने ते लिहिलं. मी नंतर कामानिमित्त त्या ठाण्याचं रजिस्टर अनेकदा पाहिलं. परसाटोल्याचं पान चालू होतं. खबर देणाऱ्याच्या रकान्यात 'समारू, माजी कोटवार' असं असायचं. ते नियमात बसत नव्हतं. तपासणीत ते पान माझ्यापुढे आलं, तेव्हा मी शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.

मी रिटायर होईपर्यंत भरतीचे हजारो फॉर्म माझ्या हाताखालून गेले. नव्या बाबूंना मी एकच गोष्ट सांगायचो. कागदावर 'नाही' असं लिहायच्या आधी जाऊन बघून या. आमच्या ऑफिसातून त्या ठाण्यापर्यंत सायकलने पाऊण तास लागत होता. तेवढाच वेळ मी वाचवला होता.